काका, तुमच्या सोळा हजारांचा हिशोब

काका, नमस्कार. ‘माझ्या मुलाच्या वयाचा असशील म्हणून अरे-तुरे करतोय’ असं तुम्ही सुरुवातीलाच लिहिलंत, तेव्हा मीही काकाच म्हणतो. खरं तर दोन ओळींत आभार मानून मोकळा होणार होतो. पण तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली आणि दर वेळी नवीनच काहीतरी टोचलं. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलैत मी तोक्योच्या गिंझा या महागड्या भागातल्या एका आठ खुर्च्यांच्या सुशीच्या दुकानात ओमाकासे (काय खायचं ते आचाऱ्यावर सोपवून) जेवलो, २८,००० येन म्हणजे साधारण सोळा हजार रुपये मोजले आणि भारावून जाऊन त्यावर लेख लिहिला. त्यावर हर्णैच्या या काकांचं म्हणणं असं: कच्चा मासा भाताच्या गोळ्यावर ठेवला यात कला कसली? ताजा मासा काय असतो ते बंदरावर येऊन बघ. पैसे मी देणार आणि खायचं काय ते दुसरा ठरवणार, ही कुठली रीत? करंगळीएवढ्या माशाचं कौतुक वाचून हसू आलं. हे श्रीमंतांचे चोचले, एवढ्यात आख्ख्या वाडीला पापलेट खाऊ घातलं असतं. कच्चं खाऊन पोटात जंत झाले की कळेल. आणि शेवटी, ‘आपल्या लोकांना मासा मसाल्यात बुडवण्यापलीकडे काही कळत नाही, असं लिहिताना लाज नाही वाटली?’

शेवटापासूनच घेतो. लिहिताना नाही वाटली, तुमचं वाचल्यावर वाटली. ते वाक्य मी काढून टाकलंय. मी मूळचा सोलापूरचा, आमच्या घरी मासा म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातला मत्स्यावतार. पहिला मासा मी तिशी ओलांडल्यावर खाल्ला, तोही इथे, तोक्योत. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती आणि केव्हा पडतात हे ज्याला आजही सांगता येणार नाही, त्याने कोकणातल्या स्वयंपाकावर शेरा मारणं म्हणजे आगाऊपणाच. चूक कबूल.

आता ‘ताजा’. इथेही तुमचंच बरोबर आहे, फक्त तुम्हाला वाटतं त्या कारणाने नाही. मी लेखात ‘समुद्रातून थेट ताटात’ असं लिहिलं होतं. चांगलं दिसतं म्हणून लिहिलं, आणि ते साफ चुकीचं आहे. संध्याकाळच्या लिलावात घेतलेला मासा रात्री तव्यावर, या तुमच्या हिशोबाने मी त्या रात्री खाल्लेल्यांपैकी निम्मे मासे शिळेच होते. मुद्दाम ठेवलेले. मासा मेल्यावर त्याच्या मांसात हळूहळू इनोसिनिक आम्ल तयार होतं, आणि जिभेला जी भरलेली, रेंगाळणारी चव लागते तिचा मोठा भाग त्यातून येतो. कोदामा शिंतारो नावाच्या शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये सुकवलेल्या कात्सुओ माशात हे शोधून काढलं. अगदी ताजा पांढरा मासा दाताखाली करकरीत लागतो, पण मुका असतो. एक-दोन दिवस नीट सांभाळून ठेवला की बोलायला लागतो. म्हणजे तुमच्या बंदरावरचा मासा माझ्यापेक्षा ताजा होता हे शंभर टक्के मान्य. मी ताजेपणाचे पैसे दिलेच नव्हते.

मग कशाचे दिले? ‘कच्चा’ या शब्दाचं काय ते आधी बघू, मग हे आपोआप कळेल.

या सुशीला एदोमाए म्हणतात, म्हणजे ‘एदोच्या पुढ्यातली’. एदो हे तोक्योचं जुनं नाव, आणि पुढ्यात म्हणजे तिथली खाडी. १८२० च्या दशकात र्‍योगोकू भागातल्या हानाया योहेइने हाताने दाबलेली सुशी लोकप्रिय केली असं मानतात. तेव्हा बर्फ नव्हता. म्हणून मासा टिकवायला जे जे हाताशी होतं ते सगळं वापरलं गेलं: मीठ, व्हिनेगर, सोया सॉस, उकळतं पाणी, कोंबु नावाचं समुद्री शेवाळ. आणि एक गंमत, ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून तुम्ही जे झोडपलंत ते तेव्हा गाडीवरचं खाणं होतं. उभ्या उभ्या खायचं आणि कामाला लागायचं. एकेक घास आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा असायचा. ट्यूनाच्या पोटाकडचा चरबीचा भाग, ज्याला आज तोरो म्हणून सगळे हपापतात, त्याला ‘नेको-मातागी’ म्हणायचे. म्हणजे मांजरसुद्धा ओलांडून पुढे जाईल असला.

आज घरोघरी फ्रीज आहे, तरी ते मीठ-व्हिनेगर गेलं नाही, कारण तोवर लोकांना ती चवच आवडायला लागली होती. पापड-लोणची आपण आता टिकवण्यासाठी थोडीच घालतो! त्या रात्रीच्या अठरा-एकोणीस घासांपैकी निव्वळ कापून भातावर ठेवलेले असे चार-पाच असतील. लाल ट्यूना सोया सॉसमध्ये मुरवलेला. कोळंबी उकडलेली. अनागो, म्हणजे समुद्रातली वाम म्हणा, इतकी मऊ शिजवलेली की उचलताना वाकत होती, आणि वर तिच्याच पाण्याचा आटवून केलेला गोडसर पाक ब्रशने लावलेला. किसु नावाचा मासा कोंबुच्या दोन पानांत दाबून ठेवलेला. हा किसु म्हणजे तुमच्या मुडदुशीचा सख्खा चुलतभाऊ बरं का, एकाच प्रजातीगटातला. तुम्ही मुडदुशी रव्यात घोळवून तळता. यांनी तिच्या अंगातलं पाणी कोंबुला प्यायला दिलं आणि कोंबुची चव तिच्यात उतरवली. दोन्हीपैकी कुठली भारी यावर मी आता बोलणार नाही. शहाणा झालोय.

आणि तो तुमचा करंगळीएवढा मासा. त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

त्याला शिन्को म्हणतात. तारली-पेडव्यांच्या नात्यातला, चंदेरी, पाठीवर बारीक काळ्या टिपक्या. वाढेल तसं त्याचं नाव बदलतं: शिन्को, मग कोहादा, मग नाकाझुमी आणि शेवटी कोनोशिरो. बाकीचे मासे मोठे होतात तसे महाग होतात, याचं उलटं. हंगामाच्या सुरुवातीला किलोला हजारोंनी येन मोजावे लागतात आणि पूर्ण वाढला की कुणी विचारत नाही. काटे फार, मांस पाणचट, स्वतःची अशी चव जेमतेम. सगळं करणाऱ्याच्या हातात. डोकं-पोट काढून, उघडून, चाळणीत मांडून मीठ भुरभुरायचं. इवलासा असेल तर काही मिनिटं, थोडा मोठा आणि चरबीचा असेल तर जास्त. मग धुवायचा, व्हिनेगरमध्ये बुडवायचा, निथळायचा आणि मुरू द्यायचा. मिठात जरा जास्त राहिला की खारवलेला चामड्याचा तुकडा, कमी राहिला की वास मारतो. दमट हवेत वेगळा हिशोब, वारा सुटला तर वेगळा. सुशीवाल्याची पारख करायची तर कोहादा खाऊन बघ, असं इथे म्हणतात ते यामुळे.

माझ्या घासावर तीन शिन्को होते, छपराच्या कौलांसारखे एकावर एक सरकवलेले. खाली अंगाच्या उबेइतका कोमट भात. त्याला लालसर रंग, कारण त्यातलं व्हिनेगर साके या तांदळाच्या दारूच्या चोथ्यापासून केलेलं आणि वर्षानुवर्षं मुरवलेलं. तोंडात घातल्यावर आधी आंबट, मग मीठ, आणि मासा लागतो न लागतो तोच भात सुटा होऊन सगळं एकजीव. चार सेकंदांत संपलं. त्याच्यामागे कुणाचे तरी दोन दिवस होते.

अर्थात मला हे कळायला वेळ लागला, कारण पहिल्या दोन घासांचे मी फोटो काढत बसलो. तायशो (दुकानाच्या मालक-आचाऱ्याला असंच हाक मारतात) काही बोलला नाही. तिसरा घास मात्र त्याने ताटलीत ठेवलाच नाही, काउंटरवरून हात लांब करून थेट माझ्यासमोर धरला. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात सुशी. खाण्यावाचून पर्यायच नव्हता. शेजारच्या आजीबाई गालातल्या गालात हसल्या. मोबाईल खिशात गेला तो बाहेर आला नाही, म्हणून लेखात दोनच फोटो आहेत. वाचकांनी त्याबद्दलही तक्रार केली होती.

आता ‘मी पैसे देणार आणि तो ठरवणार’. ओमाकासे म्हणजे सोपवणं, ‘तुमच्यावर सोडलं’. जबरदस्ती नाही. आपल्याला हवं ते एकेक सांगून खाण्याची पद्धतही आहे, तिला ओकोनोमी म्हणतात. काय चालत नाही, कशाने त्रास होतो हे जागा राखतानाच विचारून घेतात. पण काका, मला खरी मजा वाटली ती तुमच्याच प्रतिक्रियेतल्या एका वाक्याची. तुम्ही लिहिलंय: ‘तीस वर्षं एकाच कोळणीकडून मासे घेतो. ती देईल ते. कल्ले उघडून बघायची वेळ आली नाही.’ मग? आज सुरमई नको, हलवा ने, असं ती म्हणते आणि तुम्ही पिशवी पुढे करता, त्याला हर्णैत काही नाव नसेल, इथे ओमाकासे म्हणतात. तुम्ही तीस वर्षं ओमाकासे करताय आणि मला एका रात्रीबद्दल झापताय! फरक एवढाच की तुमचा विश्वास तीस वर्षांत कमावलेला आहे आणि मी तो एका संध्याकाळपुरता विकत घेतला. हा फरक मोठा आहे, ते मला कळतं.

जंतांचं म्हणाल तर भीती अगदी रास्त आहे. अनिसाकिस नावाचा कृमी असतो, आणि जपानमध्ये अन्नातून होणाऱ्या विषबाधेच्या नोंदींत अलीकडे त्याचं नाव बरंच वर असतं. व्हिनेगर, मीठ, सुशीबरोबरची झणझणीत वासाबी यांपैकी कशानेही तो मरत नाही. मरतो तो नीट शिजवल्याने, नाहीतर गोठवल्याने. उणे २० अंशांवर किमान २४ तास, असं इथलं आरोग्य मंत्रालय सांगतं. बाकी आचारी डोळ्यांनी तपासतात आणि आतडी लगेच काढतात, पण तेवढ्यावर विसंबण्यासाठी सराव लागतो. तेव्हा माझा लेख वाचून कुणी घरी बांगड्यावर व्हिनेगर ओतणार असेल तर कृपया थांबा. एका वाचक बाईंनी तसं कळवलं होतं, मी धावत उत्तर दिलं.

राहिला पैशांचा मुद्दा. इथे मी वकिली करणार नाही. आठ खुर्च्या, रात्रीच्या दोन पंगती, गिंझाचं भाडं, हे सगळं धरलं तरी २८,००० जास्तच आहेत. समुद्री अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा प्राणी) आणि तोरो हे दोन घास तर निव्वळ रुबाबासाठी होते, ते नसते तरी माझं काही बिघडलं नसतं. ट्यूनाच्या नावाने इथे वेडेपणा चालतो, हेही खरं. जानेवारी २०१९ मध्ये तोक्योच्या तोयोसु मासळी बाजारातल्या वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनना गेला. ती जाहिरात, मासळी नव्हे. आणि सगळे जपानी असं जेवतात असा समज माझ्या लेखामुळे झाला असेल तर तोही खोटा. निवृत्तीला आलेले माझे एक सहकारी आयुष्यात दोनदा अशा दुकानात गेलेत, त्यातलं एकदा सासऱ्यांच्या पैशाने. घरचे सगळे मिळून जातात ते फिरत्या पट्ट्याच्या सुशीला, जी शिराइशी योशिआकी यांनी १९५८ मध्ये ओसाकाकडे सुरू केली. आम्हीही निशि-कासाईतून, म्हणजे तोक्योतल्या आमच्या भागातून, पोरांना घेऊन तिथेच जातो. थोरला सात-आठ ताटल्या रिचवतो आणि वर फ्रेंच फ्राइज मागतो.

वाडीला पापलेटाची जेवणावळ घालण्याची कल्पना मात्र आवडली. डिसेंबरात येतोय. पापलेट माझ्याकडून, निवड तुमच्या कोळणीची.

जाता जाता, तुम्ही माझ्या शाकाहारी बायकोबद्दल विचारलं होतंत. ती आली नव्हती. अशा काउंटरवर तिच्यासाठी फारसं काही नसतंच, आणि भाजीच्या पाण्यातसुद्धा माशाचा अर्क असायचा. पण जेवणाच्या अगदी शेवटी मला एक बारीक गुंडाळी मिळाली, कानप्यो-माकी. तपकिरी, गोड-खारट, किंचित चिवट पट्ट्या, भात आणि समुद्री शेवाळाच्या आत. मला ती इतकी आवडली की आणखी एक मागून घेतली. घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं. तिने मोबाईलवर शोधलं, क्षणभर बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. कानप्यो म्हणजे भोपळा सोलून, सुकवून काढलेल्या पट्ट्या. कुठला भोपळा? दुधी.

गेली अकरा वर्षं आमच्या घरात दुधीची भाजी केली की मी ऑफिसात उशीर होणार असल्याचा निरोप पाठवतो. त्या आठवड्यात सलग तीन दिवस दुधी झाला.