केनेडींचं पत्र पूर्ण वाचा

अमेरिकेचे नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन पहिल्या शपथविधीसाठी वॉशिंग्टनला आले, त्या प्रवासाबद्दल एक गोष्ट समाजमाध्यमांवर सतत फिरत असते. फेब्रुवारी १८६१ मध्ये लिंकन स्कॉटिश टोपी आणि लांब लष्करी झगा घालून चोरासारखे वॉशिंग्टनला आले. वाटेतल्या बाल्टिमोर शहरात त्यांना मारण्याचा कट वगैरे नव्हताच, तो खासगी गुप्तहेर अॅलन पिंकर्टन यांनी धंद्यासाठी रचला. आणि पुरावा काय, तर न्यूयॉर्कचे पोलीसप्रमुख जॉन केनेडी यांचं पत्र. ‘पिंकर्टनचा यात हात नव्हता, असं खुद्द पोलीसप्रमुखच लिहितात. मग कट कुठून आला?’

पत्र खरं आहे. केनेडींनी ते १८६६ मध्ये इतिहासकार बेन्सन लॉसिंग यांना लिहिलं. पण त्यात कट नव्हता असं म्हटलेलं नाही. केनेडींचं म्हणणं उलटं आहे: धोका खरा होता, तो माझ्या माणसांनी हुडकून काढला, तेव्हा श्रेय माझ्या खात्याला द्या. जो माणूस लिंकनना वाचवल्याचं श्रेय मागतो, त्यालाच ‘कट नव्हता’चा साक्षीदार करायचं, याला काय म्हणावं?

आता ही माहिती लिंकनपर्यंत कशी पोचली ते बघा, कारण सगळं इथेच ठरतं. २१ फेब्रुवारीच्या रात्री फिलाडेल्फियाच्या काँटिनेंटल हॉटेलात पिंकर्टन लिंकनना भेटले आणि बाल्टिमोरमध्ये काय शिजतंय ते सांगितलं. लिंकन लगेच मानायला तयार नव्हते. त्याच रात्री फ्रेडरिक सूअर्ड हा तरुण वॉशिंग्टनहून वडिलांची, म्हणजे सिनेटर विल्यम सूअर्ड यांची, चिठ्ठी घेऊन आला. सोबत कर्नल चार्ल्स स्टोन यांचं टिपण होतं. न्यूयॉर्कचा एक गुप्त पोलीस तीन आठवडे बाल्टिमोरमध्ये आहे, त्याच्या मते लिंकनच्या जिवाला गंभीर धोका आहे, आणि आधी न कळवता रात्रीच्या गाडीने शहर ओलांडलं तर धोका टळेल, असं त्यात होतं. हा पोलीस केनेडींचा माणूस. लिंकननी गॅसच्या दिव्याखाली बसून कागद वाचला आणि सूअर्डला खोदून विचारलं: ही माहिती कुणाकडून आली, यात पिंकर्टनचं नाव कुठे ऐकलंस का? उत्तर आलं, नाही. एकमेकांची खबर नसलेली दोन माणसं वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचली असतील, तर यात काहीतरी तथ्य असणार, हा लिंकनचा तर्क होता. स्टोन यांचं टिपण लिंकनच्या कागदपत्रांत आजही आहे. पिंकर्टननी सगळं मनाने रचलं असतं, तर केनेडींच्या माणसाला तेच कुठून कळलं? केनेडींचं पत्र पिंकर्टन यांना खोटं पाडत नाही. ते त्यांची बाजू भक्कम करतं.

केनेडी चुकतात ते दुसरीकडे. पुढच्या रात्रीच्या प्रवासात त्यांच्या खात्याचा हात नव्हता. हॅरिसबर्गहून गुपचूप निघणं, टेलिग्राफच्या तारा तोडणं, केट वॉर्न या पिंकर्टनच्या सहकारी बाईंनी ‘आजारी भावासाठी’ झोपायच्या डब्यात जागा धरणं, हे पिंकर्टन, लिंकनचे सहकारी नॉर्मन जड आणि रेल्वेच्या माणसांचं काम. पिंकर्टननी १८६८ मध्ये या मंडळींची पत्रं छापून उत्तर दिलं. शिवाय पिंकर्टनना बाल्टिमोरला बोलावलं ते रेल्वेचे अध्यक्ष सॅम्युअल फेल्टन यांनी. त्यांना भीती होती रुळांची आणि पुलांची. लिंकनचा विषय त्या तपासात पुढे आला.

‘लिंकनचे मित्र वॉर्ड लॅमन तर या प्रवासात सोबत होते, त्यांनीच १८७२ मध्ये कट काल्पनिक म्हटला’ असंही सांगतात. बरोबर. पण पिंकर्टननी अहवालात लॅमनना बिनडोक आणि अहंमन्य ठरवलं होतं, हेही सांगायला हवं.

टोपीची गोष्ट न्यूयॉर्क टाइम्सच्या जोसेफ हॉवर्ड या वार्ताहराची. तो गाडीत नव्हता. लिंकननी स्वतः लॉसिंगना सांगितलं की त्यांच्या डोक्यावर एका मित्राने दिलेली मऊ लोकरी हॅट होती आणि अंगात जुना ओव्हरकोट. याच हॉवर्डला १८६४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या नावाने खोटा जाहीरनामा पसरवल्याबद्दल कैदेत टाकलं होतं.

एक आक्षेप मात्र रास्त आहे: कुणावरही खटला झाला नाही. कट किती पिकला होता, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत आणि ते राहतील. पण बाल्टिमोरमध्ये तेव्हा एका स्टेशनावरून दुसऱ्यावर जायला डबा घोड्यांनी शहरातून ओढत न्यावा लागे. २३ फेब्रुवारीच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास लिंकनचा डबा असाच प्रेसिडेंट स्ट्रीट स्टेशनवरून कॅम्डेनला गेला, आणि शहर झोपलेलं होतं. त्याच वर्षी १९ एप्रिलला याच दोन स्टेशनांच्या मधे, भर दिवसा, वॉशिंग्टनला निघालेल्या मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांना दक्षिणेच्या बाजूच्या जमावाने गाठलं. ४ सैनिक आणि १२ नागरिक मेले.