परदेशातून : सिएटलचा ठराव आणि ठाण्याची महासभा

नौपाड्यातले आमचे बापूकाका दर रविवारी फोन करतात आणि मागच्या रविवारी त्यांनी पुन्हा तोच जुना विषय काढला. "तिकडच्या नगरसेवकांना कोणी सांगितलंय आमच्यात नाक खुपसायला?" हा त्यांचा प्रश्न 2020 पासून बदललेला नाही. त्या वर्षी 3 फेब्रुवारीला सिएटलच्या नगर परिषदेने नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या विरोधात एकमताने ठराव केला, तेव्हापासून काकांच्या लेखी सिएटल म्हणजे मी आणि मी म्हणजे सिएटल. मी सिएटलशेजारच्या रेडमंड शहरात राहतो, ती परिषद माझी नव्हेच, हे मी अनेकदा सांगून पाहिले. परंतु मुंबईतल्यांना ठाणे आणि डोंबिवली जशी एकच वाटतात, तसेच हेही असावे.

मला राग आला तो पुढच्या वाक्याचा. त्याच दमात काकांनी श्री ठाणेदारांचे कौतुक आरंभले. बेळगावात वाढलेला मराठी माणूस मिशिगनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जातो आणि एप्रिल 2024 मध्ये हिंदूद्वेषाचा निषेध करणारा ठराव मांडतो, याचा अभिमान मलाही आहे. तो ठराव समितीकडे गेला आणि तिथेच राहिला, हे मात्र काकांना ठाऊक नव्हते. म्हणजे अमेरिकेतल्या सभागृहाने आपल्या बाजूने चार ओळी लिहिल्या तर जगाला जाग आली आणि आपल्याला झोंबणाऱ्या चार ओळी लिहिल्या तर तो आगाऊपणा. ठरावाला किंमत असेल तर ती दोन्हीकडे असली पाहिजे, नसेल तर दोन्हीकडे नको.

परक्यांच्या कारभारावर ठराव करण्याची हौस आपल्यालाही काही कमी नाही. परराष्ट्र व्यवहार हा घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे केंद्राचा विषय असूनही 2013 च्या मार्चमध्ये तमिळनाडूच्या विधानसभेने श्रीलंकेला मित्रराष्ट्र म्हणू नये असा ठराव केलाच होता. खुद्द लोकसभेने 8 एप्रिल 2003 रोजी इराकवरील हल्ल्याबद्दल ठराव केला, तोही एकमताने. त्या वेळी विरोधकांना कडक शब्द हवा होता, सरकारला मवाळ, आणि अखेर दोघांचे भागले ते 'निंदा' या एका हिंदी शब्दावर, कारण इंग्रजीत त्याचा अर्थ ज्याला हवा तसा लावता येत होता. मला ही गोष्ट फार आवडते. हजारो मैलांवरच्या युद्धासाठी आपल्या खासदारांनी एका शब्दावर घासाघीस केली, आणि त्याने बगदादमध्ये काही थांबले नाही तरी आपण काय म्हणतो आहोत हे त्यांना ठरवावे लागले. नागपूरच्या अधिवेशनात 27 डिसेंबर 2022 रोजी सीमाभागातील 865 गावांविषयी एकमुखाने झालेल्या ठरावाचीही हीच कथा आहे. त्या ठरावाने बेळगाव हलले नाही, पण काकांनी त्या दिवशी पेढे वाटले होते.

21 फेब्रुवारी 2023 रोजी, एका मंगळवारी, सिएटलच्या परिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. हा नुसता ठराव नव्हता, शहराचा कायदा होता. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांनी तो मांडला आणि सहा विरुद्ध एक मताने तो संमत झाला. बोलण्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी नावे दिली होती, बाजूनेही आणि विरोधातही. त्याच मंगळवारी ठाण्यात काय होते? महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपलेली, कारभार प्रशासकाच्या हाती आणि पाचपाखाडीच्या मुख्यालयातले नरेंद्र बल्लाळ सभागृह महासभेविना. घोडबंदर रस्त्याबद्दल लक्षवेधी सूचना मांडायलाही नगरसेवक नव्हता, आणि ही अवस्था तीन वर्षांहून अधिक काळ टिकली. सिएटलच्या नगरसेवकांवर तोंडसुख घेणाऱ्या आपल्या लोकांना स्वतःचे नगरसेवकच नाहीत याचे फारसे काही वाटत नव्हते. हे मी काकांना ऐकवले आणि मला जरा बरेही वाटले, ते लपवत नाही.

काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग तू काय बोललास त्या दिवशी?"

काही नाही. तलावापलीकडे सिएटलला जायचे म्हणजे 520 क्रमांकाच्या महामार्गावरील पुलाचा टोल आणि अर्धा दिवस रजा, ही सबब सांगता आली असती. पण फोनवरूनही बोलता येत होते. मी कार्यालयात बसून पडद्यावर ती सभा पाहिली. मला इथे मत नाही, ठाण्याच्या यादीत नाव उरले आहे की नाही ते पाहिलेले नाही, तेव्हा कोणाच्या वतीने बोलायचे, असा प्रश्न मी स्वतःला घातला आणि तो मला सोयीचा वाटला. दुपारी एका सहकाऱ्याने विचारले, तेव्हा मी सांगितले की आमच्याकडे ठाण्यात असले काही नव्हते.

आमच्या इमारतीच्या मागच्या जिन्यात, खिडकीच्या गजांना लागून, कान तुटलेली एक कपबशी उपडी ठेवलेली असे. संडास धुवायला येणाऱ्या मावशी ती स्वतः विसळून पुढे करत आणि आई वरून चहा ओतत असे. चहा चांगला असायचा, आले घातलेला, आम्हाला मिळे तोच. ती कपबशी तिथून कधी गेली हे काकांना नक्की आठवत असेल. मी विचारले नाही, आणि त्यांनी हवापाण्याचा विषय काढला.