वकिलाकडे गेलं की घर फुटतं म्हणे!

आज संध्याकाळी नात्यातल्या एकाचा फोन. 'कशी आहेस' नाही, काही नाही. थेट, "आत्येला वकिलाकडे नेऊन तू आमचं घर फोडलंस." मी काही बोलणार तोवर ठेवलासुद्धा. तेव्हापासून डोकं तापलंय. लांबलचक लिहिणार आहे. नातेवाइकांची भीती असेल त्यांनी लाईक नाही केलं तरी राग नाही.

आत्या त्याची, माझी काकी. काका गेल्यापासून फोंड्याला एकटीच असते. माहेर डिचोलीकडे. जुनं घर, मागे कुळागर म्हणजे माडा-पोफळींची बाग, कागदावर नाव अजून तिच्या वडिलांचंच. ते आता विकायचं ठरलंय, म्हणजे भावांनी ठरवलंय. काकीपर्यंत आला तो फक्त एक कागद. हक्कसोडीचा, इंग्रजीत. सोबत वकील. तो म्हणाला, "मी तुमच्याच घरचा वकील. वेगळा कशाला करता, उगाच खर्च. सही केली की झालं, दहा मिनिटांचं काम."

घरचा वकील! फी कोण देतंय त्याला? एका बाजूला सल्ला देणाऱ्या वकिलाने त्याच प्रकरणात समोरच्याच्या वतीने उभं राहायचं नाही, हे बार कौन्सिलच्या नियमांत आहे. पण हे काकीला कोण सांगणार? ती चहा करायला आत गेली. म्हणून तेवढ्यापुरती सही टळली, नाहीतर चहाच्या कपाशेजारीच झाली असती.

आपल्याकडे बाई वकिलाकडे गेली की ती भांडखोर. भाऊ वकिलाला घेऊन तिच्या दारात आला तर तो मात्र व्यवहारी. उरलेल्या देशात वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलींना मुलग्यांच्या बरोबरीचा हक्क केंद्राच्या कायद्याने मिळाला २००५ साली. आपल्याकडे गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड होता, मुलगा-मुलगी समान. समान नागरी कायद्याची चर्चा टीव्हीवर निघाली की आपण गोंयकार कॉलर ताठ करतो. आणि घरात? "बहिणीने माहेर तोडू नये गो." गणेशचवथीला फळाफुलांच्या माटोळीसमोर बसवून जेवायला वाढतात, तेवढ्यात वाटा फिटला.

बरं, भावांनी घर राखलं, शाकारलं, गणपती चालवला. मान्य. त्याचे पैसे मागा, हिशोब मांडा. सही का मागता?

तर आज मी काकीला एका वकीलबाईंकडे घेऊन गेले. आदल्या रात्री बसून एका कागदावर सगळं लिहून काढलं होतं. कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, कोणाचं लग्न कोणाशी, कोण कुठे असतं. काकीला ते पटत नव्हतं. "वकिलाला सगळं ठाऊक असतं." वकिलाला कायदा ठाऊक असतो, काकी, तुझ्या घरात काय झालं ते तूच सांगायचं. आपली माणसं वकिलासमोर जाऊन बसतात ती देवाला कौल लावल्यासारखी. हात जोडायचे आणि पाकळी कुठून पडते ते बघायचं.

त्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "वडील आधी गेले की यजमान?"

काकी माझ्याकडे बघायला लागली. भावाबहिणींच्या भांडणात नवऱ्याचं काय? मलाही कळेना. वडील आधी गेले. मग बाईंनी सांगितलं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि लग्नानंतर वारशाने आलेलंही त्यातच. म्हणजे वडील गेले त्या दिवशी काकीला जे आलं त्यातलं अर्धं काकांचं झालं. काका गेल्यावर ते अर्धं त्यांच्या मुलांचं. एक पोरगी पुण्यात, पोरगा मस्कतला. काकीच्या एकटीच्या सहीने ते सुटतच नाही! दहा मिनिटांवाल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं? का ठाऊक होतं म्हणूनच दहा मिनिटं?

आणि अशा घरात आधी इन्व्हेंटरी व्हायला हवी. वारस कोण, मालमत्ता काय, हे सगळं शपथेवर मांडून मग वाटे. त्यासाठी काय लागेल ते बाईंनी लिहून दिलं. मृत्यूचे दाखले, लग्नाच्या नोंदी, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सर्व्हे प्लॅन, घरपट्टीच्या पावत्या, ट्रंकेत पडलेले जुने पोर्तुगीज दस्त. तुमच्याकडेही असं काही शिजत असेल तर हे हातात घेऊनच जा. मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स द्या. तारीख लागलेली नोटीस आली असेल तर ती सगळ्यांत वर. आमच्या शेजाऱ्यांनी समन्स फ्रिजवर ठेवलं होतं, विजेच्या बिलाखाली. असो.

फीचं मी विचारलं. काकीने टेबलाखालून माझा हात दाबला. का लाजायचं? बाईंना राग आला नाही. मसुद्याचे किती, दर तारखेचे किती, कोर्ट फी आणि स्टँप वेगळा, पावती मिळेल, सगळं सांगितलं. "वाट्यातले अमुक टक्के द्या" असं कोणी म्हणालं तर उठून या, निकालावर ठरणारी फी घ्यायला वकिलांना मनाई आहे. कोऱ्या कागदावर सही नाही. वकालतनामा वाचून मगच सही. फी थकली म्हणून वकिलाला तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. पण ग्राहक मंचात मात्र त्याला खेचता येत नाही, हेही त्याच कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलं. म्हणून म्हणते, काय विचारायचं ते पहिल्या दिवशी विचारा. पैसे नसतील तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यात आहे.

हो, तारखा पडतात. हो, काही वकील लुबाडतात. ठाऊक आहे मला, कॉमेंटमध्ये सांगू नका.

आता जे लिहितेय ते लिहिताना मात्र राग जरा उतरलाय. सगळं झालं, आम्ही बाहेर आलो, आणि चपला घालताना काकी हळूच म्हणाली, "पोरीच्या शिक्षणाला भावाने पैसे दिलेले. तेव्हा एका चिठ्ठीवर सही घेतली होती माझी." मी तिथेच थांबले. इतका वेळ आत बसून हे बोलली नाही! भाऊ वाईट दिसेल म्हणून. ज्याने इंग्रजी कागद पाठवला, त्याची अब्रू ही झाकत होती.

परत आत गेलो. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, माझ्याकडे सांगितलेलं बाहेर जात नाही, कायद्यानेच मला बांधलंय. पण ही चिठ्ठी कोर्टात मला समोरच्याकडून कळली तर मी काय करू?" मग काकी बोलली. बरंच बोलली. रडलीसुद्धा. त्या बाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं.

आणि घर फोडायला निघालेल्या त्या वकीलबाई शेवटी काय म्हणाल्या? आधी भावांना साधं पत्र पाठवू, सगळे तयार असतील तर संमतीनेही वाटे होतात. हे मला फोनवर सांगायचं होतं. ऐकून तर घे रे बाबा!

गाडीत काकीने विचारलं, "आता ते चवथीला बोलावतील?" मला उत्तर देता आलं नाही. रेडिओ लावला.

असो. ट्रंकेतले दस्त उद्या काढतोय. डिचोली-साखळी भागात जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचून देणारं कोणी विश्वासाचं माहीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. आणि पुण्यात-मस्कतमध्ये बसून हे वाचणाऱ्या दोघांनो, जन्मदाखल्यांचे फोटो आजच पाठवा. आईला फोन करा, पण भावाचा विषय तिने काढला तरच बोला.