श्री. वरीलप्रमाणे यांस

"212 प्रमाणपत्रं? त्यात काय एवढं! सॉफ्टवेअर आहे की. यादी द्यायची, डिझाइन द्यायचं, एक बटण दाबायचं." कार्यशाळेतल्या सहभागींना प्रमाणपत्रं द्यायचा विषय निघाला, तेव्हा हे मी भर बैठकीत बोललो. मला कोणी विचारलंही नव्हतं. पुढच्या क्षणी ते काम माझ्या नावावर लागलं होतं.

सॉफ्टवेअर तसं गुणी. डिझाइनमध्ये नावाच्या जागी महिरपी कंसात 'नाव' लिहायचं, म्हणजे यादीतलं एकेक नाव तिथे येऊन बसतं. चाचणी घेतली, झकास आली. चाचणीला मी माझंच नाव घातलं होतं आणि माझ्या नावात एकही जोडाक्षर नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

यादी सीएसव्ही (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) करून दिली, तर सगळे सहभागी प्रश्नचिन्हं होऊन आले. 'श्री. ????? ??????? यांनी सक्रिय सहभाग घेतला.' (काहींच्या बाबतीत ते खरंही होतं.) सेव्ह करताना यूटीएफ-8 ही अक्षरं साठवायची पद्धत निवडायची असते म्हणे, त्याशिवाय आपली अक्षरं टिकत नाहीत. मी वैतागून मूळ एक्सेल शीटच प्रोग्रामला दिली. नावं आली, तारीख गेली. 'दिनांक 45672 रोजी झालेल्या कार्यशाळेत.' कार्यशाळा कंटाळवाणी होती, पण इतकीही नाही. पोटात शिरल्यावर कळलं की शीट तारखेला तारीख समजतच नाही. 1 जानेवारी 1900 हा पहिला दिवस धरून ती नुसते दिवस मोजत बसते. 45672 म्हणजे आपला 15 जानेवारी 2025. तो रकाना 'मजकूर' करून टाकला आणि तारखा पुन्हा हाताने लिहिल्या.

मग जोडाक्षरं. शिल्पाची पहिली वेलांटी 'श'ला सोडून 'ल'च्या डोक्यावर जाऊन बसली, आणि 'ल'चा पाय मोडून 'प' बाजूला उभा. प्रज्ञाचे तर सुटे भाग झाले होते. देवनागरीत वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसायची असते आधी. ही उलटापालट करणारी, अक्षरं जुळवणारी यंत्रणा प्रोग्रामच्या चित्र काढणाऱ्या भागात नव्हतीच. पीडीएफ करणाऱ्या भागात मात्र होती. हे शोधण्यात माझा रविवार गेला.

लांब नावं चौकटीबाहेर जात होती. 'आपोआप मावेल असं करा' वर खूण केली, तर ती मुंगीएवढी झाली आणि 'उमा'ला बाकी सगळ्यांच्या दुप्पट मान मिळाला. आणि ओळी 212, फायली 209! तीन माणसं गेली कुठे? प्रत्येक फाइलला माणसाचं नाव दिलं होतं, त्यामुळे त्याच नावाच्या नंतरच्या माणसाने आधीच्याला न विचारता पुसून टाकलं होतं. फाइलच्या नावात अनुक्रमांक घातला, तेव्हा तिघं परत आले.

पण सॉफ्टवेअरला तरी किती बोलणार? नोंदणी अर्जात आधी 'नाव' होतं आणि खाली 'प्रमाणपत्रावर हवे असलेले नाव'. तिथे एकाने मोबाइल नंबर दिला होता. एकीने 'आधी दिलंय ना' असं सुनावलं होतं. आणि एका गृहस्थांनी, अर्ज भरण्याच्या आयुष्यभराच्या सवयीने, लिहिलं होतं 'वरीलप्रमाणे'. सुंदर सोनेरी अक्षरांत, महिरपीच्या बरोबर मधोमध: श्री. वरीलप्रमाणे यांस. एकही अक्षर तुटलेलं नाही. सगळ्या गठ्ठ्यात देखणं तेवढंच.

रात्री साडेअकराला गठ्ठा पाठवला. सकाळी मॅडमचा फोन.

"छान झालीत हो! फक्त एक करा ना. आडनाव आधी घ्या. एक बटणच दाबायचंय ना?"

यादीत पूर्ण नावाचा रकाना एकच. कोणी आडनाव आधी लिहिलेलं, कोणी शेवटी, कोणी लिहिलेलंच नाही.

"घेतो की," मी म्हटलं, "फक्त मला एक सांगा मॅडम, वरीलप्रमाणे यांचं आडनाव काय?"