एकाचं बिनसलं की सगळ्यांचं बिनसावं

घरात एकट्यानंच वैतागून बसणं हा शुद्ध स्वार्थ आहे. कुर्ल्याला गाडी खोळंबली, त्यात साहेब खेकसला, तर ही कमाई दादरच्या पुलावर सांडून येऊ नका. घरी आणा. चपला काढताना एक भिंतीवर जाऊ द्या. ‘काय झालं?’ असं कुणीतरी विचारणारच. उत्तर ‘काही नाही’. ‘काही’वर जोर, ‘नाही’ दातांत आणि नजर मोबाइलमध्ये. समोरून ‘आता मी काय केलं?’ आलं की तुमचं काम संपलं. पुढचं ओटा बघतो. पातेलं आपटतं, डाव सिंकमध्ये पडतो, आजी जप थांबवून ‘आमचंच चुकलं’ म्हणते. भात होईपर्यंत घर एका सुरात.

पोरांना यातलं काय कळतंय, असं म्हणू नका. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. वर्षभराची बाळं काचेवरून रांगत निघालेली, काचेखाली मध्येच खड्डा दिसतोय, पलीकडे आई. आईचा चेहरा हसरा, तेव्हा १९पैकी १४ बाळं पलीकडे गेली. चेहरा घाबरलेला, तेव्हा १७पैकी एकही नाही. काच तीच, खड्डाही तोच! तेव्हा पोराच्या गणिताच्या पेपरावरचे मार्क नंतर बघा, चेहरा आधी पाडा.

बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत हे सगळं आपसूक व्हायचं. मोरीत टाकलेला उसासा शेजारच्या खोलीपर्यंत जायचा. आता पुनर्विकासात ५०० चौरस फूट, वर बेडरूमला कडी. म्हणजे माणूस आत जाऊन चक्क शांत होऊ शकतो! (काय ही अधोगती.) अशा वेळी दाराबाहेर उभं राहून ‘हल्ली कुणाला बोलायचंच नसतं’ हे भिंतीला ऐकवावं. तेवढ्यानं भागलं नाही तर फॅमिली ग्रुपवर नुसतं ‘ठीक आहे.’ टाकावं, पूर्णविरामासकट. ठाण्याच्या बहिणीचाही रविवार गेला.

धोका एकच. हसूही असंच पसरतं. विरारचा मामा गरम वडे घेऊन टपकतो, गाडीतला कसला तरी फालतू किस्सा सांगतो आणि आजी फिसकन हसते. मग पोरं, मग ओटा. तुमच्याही ओठाचा कोपरा हलू लागला, तर वेळ घालवू नका. सरळ विचारा, ‘मामा, तुमच्या त्या नोकरीचं काय झालं हो?’