‘रेवा’ला कमी पडले ते धीराचे भांडवल

जुलै २०२५ मध्ये टेस्लाचे दालन मुंबईत उघडले आणि तेव्हापासून आपल्याकडे विजेच्या मोटारींची चर्चा टेस्लाच्या नावाने सुरू होते व तिथेच संपते. धुळ्यात विद्युत अभियांत्रिकी शिकवत असल्यामुळे मला याचे मनापासून वाईट वाटते. टेस्ला कंपनी २००३ साली स्थापन झाली. त्याच्या दोन वर्षे आधी, २००१ मध्ये, बंगळुरूची ‘रेवा’ ही विजेची मोटार भारतीय रस्त्यांवर आली होती. मैनी समूह आणि कॅलिफोर्नियातील अमेरिगॉन यांनी १९९४ मध्ये हा उद्योग सुरू केला आणि चेतन मैनी यांनी तो उभा केला. वर्गात रेवाचे नाव ऐकलेली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतात.

गाडी लहान होती. पुढे दोन मोठी माणसे, मागे जेमतेम दोन मुले, शिसे-आम्ल बॅटऱ्या आणि एका चार्जिंगवर फार तर ८० किलोमीटर. म्हणजे धुळ्याहून निघालेली रेवा एका दमात जळगावला पोहोचली नसती. त्यात आपला उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, हा ठोकताळा इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारा भुसावळचा कोणताही दुकानदार सांगेल. आणि मे महिन्यात तिथला पारा ४५ च्या पुढे जातो. खान्देशासाठी ती गाडी नव्हती, हे मान्यच करायला हवे.

लंडनमध्ये मात्र ती चालली. २००४ पासून ‘जी-विझ’ या नावाने विकली गेलेली हीच रेवा तिथल्या लोकांनी घेतली, कारण शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यासाठी जो गर्दी-कर भरावा लागे, तो विजेच्या गाडीला माफ होता. २००७ मध्ये तिच्या अपघात-चाचण्यांचे निकाल वाईट आले आणि सुरक्षिततेबद्दल गंभीर प्रश्न उभे राहिले. ते प्रश्न योग्यच होते. कायद्याने तिची गणना पूर्ण मोटारीत होत नव्हती, म्हणून मोटारीच्या कसोट्या तिला लागू नव्हत्या. पण आत बसणाऱ्या माणसाच्या जिवाला ही पळवाट काय कामाची? कंपनीने पुढे सुधारणा केल्या, लिथियम-आयन बॅटरीची आवृत्तीही आणली. तरीही पहिल्या दशकात जगभर मिळून रेवाच्या काही हजारच गाड्या विकल्या गेल्या.

माझा खरा मुद्दा यानंतरच्या काळाचा आहे. २००८ च्या अखेरीस टेस्ला दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. मे २००९ मध्ये डाइमलर या जर्मन मोटार कंपनीने तिच्यात ५ कोटी डॉलर गुंतवले आणि जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ४६.५ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार केला. ते कर्ज टेस्लाने मे २०१३ मध्ये, मुदतीच्या नऊ वर्षे आधी, फेडले. इकडे मे २०१० मध्ये रेवाचा निम्म्याहून अधिक हिस्सा महिंद्राकडे गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने विजेच्या वाहनांना अनुदान जाहीर केले आणि मार्च २०१२ मध्ये ती योजना संपली. ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळुरूला वर्षाला ३०,००० गाड्या तयार करू शकणारा कारखाना सुरू झाला, मार्च २०१३ मध्ये रेवाची पुढची गाडी ‘ई२ओ’ बाजारात आली, आणि केंद्राची पुढची योजना, फेम, उजाडली एप्रिल २०१५ मध्ये! कारखाना तयार, गाडी तयार आणि नेमकी त्याच वेळी मदत बंद. कोणत्या उद्योजकाने अशा भरवशावर पाच-दहा वर्षांचा हिशेब मांडायचा? ई२ओची विक्री त्या क्षमतेच्या जवळपासही पोहोचली नाही आणि काही वर्षांनी तिचे उत्पादन थांबले.

धीराचे भांडवल, म्हणजे परताव्याची घाई न करता वर्षानुवर्षे थांबणारा पैसा, काय असते हे जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला समजावून सांगावे लागत नाही. १९४५ साली तिथे वनस्पती तुपासाठी निघालेली कंपनी पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी तिचे शेअर न विकता पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्या घरांचे नशीब कसे पालटले हे साऱ्या खान्देशाला ठाऊक आहे. अर्थात नुसता पैसा ओतणे म्हणजे धीर नव्हे. बॅटरी बदलून देण्याची केंद्रे उभारणाऱ्या ‘बेटर प्लेस’ने सुमारे ८५ कोटी डॉलर उभे केले आणि इस्रायलमध्ये दीड हजार गाड्याही रस्त्यावर आल्या नसताना २०१३ मध्ये ती बुडाली. पैसा देणाऱ्याने थांबावे, पण दर टप्प्याला हिशेबही मागावा.

आता पुण्याच्या वायवे मोबिलिटीने छतावर सौर पटल असलेली ‘इव्हा’ ही छोटी गाडी २०२३ च्या ऑटो एक्स्पोत दाखवली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिच्या किमती जाहीर केल्या. साक्रीजवळ सौर प्रकल्प उभा असलेल्या आपल्या जिल्ह्यात, जिथे ऊन हीच मोठी संपत्ती आहे, तिथे अशी गाडी यावी असे मला फार वाटते. म्हणूनच नोंदणी करू इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे आहे की अभिमानापोटी आगाऊ रक्कम भरू नका. अपघात-चाचणीचा निकाल मागा, ४५ अंशांत बॅटरी थंड कशी राहते ते विचारा आणि दुरुस्तीसाठी जवळचे केंद्र कोणत्या गावात असेल ते लेखी घ्या.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना पूर्ण टोलमाफी मिळाली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर. यातला एकही रस्ता जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातून जात नाही. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे त्याच धोरणाचे उद्दिष्ट मात्र आपल्याही रस्त्यांना लागू आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन्ही मार्गांवर आपल्या टापूत त्याची सुरुवात कुठून आणि केव्हा होणार, हे आपल्या आमदार-खासदारांनी तारखेसह सांगावे. आणि आपल्या आयटीआयमध्ये उच्च दाबाच्या बॅटरीवर सुरक्षितपणे काम करण्याचे प्रशिक्षण याच शैक्षणिक वर्षात सुरू व्हावे, कारण इथली मुले चाकणला नोकरीला जातातच. गाडी गावात बंद पडली तर ती उघडू शकणारा एक तरी हात गावातही असायला हवा.