वरची नहाणी, खालचे छत आणि शेचाळीस हजार रुपये

रविवारी सकाळी डोंबिवलीत फडके रस्त्यावरच्या आमच्या कट्ट्यावर अण्णांनी पिशवीतून तीन बिले काढून सगळ्यांसमोर ठेवली आणि पुढचे दोन तास दुसरा विषय निघाला नाही. वरच्या घरातील न्हाणीघराच्या गळतीने त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. वर्षभर विनवण्या केल्यावर शेजाऱ्यांनी "तुम्ही काम करून घ्या, पैशांचे नंतर बघू" असा व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला. अण्णांनी वरचे वॉटरप्रूफिंग ३१,००० रुपयांत आणि खालच्या छताचे काम १५,००० रुपयांत पदरमोड करून उरकले. आता शेजारी म्हणतात की इमारतच जुनी आहे, पैसे सोसायटीकडे मागा.

बांधकामाची कंत्राटे घेणाऱ्या दादांनी पहिला प्रश्न विचारला तो पुराव्याचा. फरशी फोडण्यापूर्वी नहाणीचे, म्हणजे फरशीतल्या पाणी जाण्याच्या जाळीचे, तोंड बंद करून रंगीत पाणी साठवले असते आणि तोच रंग खालच्या छतावर उतरला असता, तर गळती कोठून येते याबद्दल वादच उरला नसता. ते कोणी केले नव्हते, आणि तडकलेला नहाणी ट्रॅप (जाळीखालचे सांडपाण्याचे भांडे) राबिटाच्या, म्हणजे फोडकामाच्या कचऱ्याच्या, गोण्यांबरोबर गेला. सुदैवाने प्लंबरच्या मोबाईलमध्ये त्या ट्रॅपचा फोटो आहे. सांध्यापासून गेलेली चीर त्यात स्पष्ट दिसते.

वकिली करणाऱ्या ताईंनी सोसायटीचा मुद्दा लगेच निकाली काढला. गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, गच्ची आणि सामाईक नळवाहिन्या यांची दुरुस्ती सोसायटीकडे असते, पण घरातील शौचालय, सिंक यांतून होणारी गळती त्या सदस्यानेच स्वखर्चाने थांबवायची असते. समितीने रीतसर नोटीस देऊन काम स्वतः करून घेतले असते, तर तो खर्च सोसायटीचे येणे ठरून वसुली दाखल्याचा (सहकार निबंधकांकडून थकबाकी वसूल करण्याच्या आदेशाचा) मार्ग खुला झाला असता. अण्णांनी परस्पर भरलेल्या पैशांसाठी तो मार्ग नाही.

बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना हे पटेना. जिन्यात रोज समोरासमोर येणाऱ्या माणसाशी एवढ्या रकमेसाठी कोर्टात भांडण्यापेक्षा निम्मे घ्यावे आणि मोकळे व्हावे, असे त्यांचे म्हणणे. काकांचा हेतू चांगला आहे, पण मला ते अजिबात मान्य नाही. निम्म्यावर तडजोड करणे म्हणजे निम्मा दोष अण्णांचा होता असे कबूल करणे, आणि ज्या माणसाने वर्षभर गळक्या छताखाली बादली ठेवून स्वयंपाक केला त्याच्यावर हा अन्याय आहे.

यावर ताईंनी जो फरक दाखवला तो आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. वरच्या कामाचा लाभ शेजाऱ्यांनी घेतला आहे आणि त्यांचा निरोपही हाताशी आहे, म्हणून ३१,००० रुपयांची बाजू भक्कम आहे. खालच्या छताचा लाभ मात्र अण्णांनाच झाला. ते १५,००० रुपये शेजाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान म्हणून वेगळे मागावे लागतील आणि तेथे प्लंबरची साक्ष लागेल. दाव्याची मुदत ३ वर्षे आहे. त्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करून दावापूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे कोर्ट फी नाही आणि दोघांच्या संमतीने झालेल्या निवाड्यावर अपील होत नाही. हा मार्ग शेवटी काकांनाही पटला.

शेजाऱ्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा आम्ही तेथेच केला. दोन्ही रकमा वेगळ्या लिहिल्या, बिलांच्या आणि फोटोच्या प्रती जोडायचे ठरले, उत्तरासाठी १५ दिवस दिले. ताईंनी मायना नुसता "महोदय" असा सुचवला होता. अण्णांनी तो खोडून नेहमीसारखे "आदरणीय भाऊ" असे लिहिले आणि रकमांना हात न लावता खाली सही केली.